मोनेची बाग आणि मुंबईच्या गॅलरीतला पावसाळी उजेड

दृक्‌प्रत्ययवादी, म्हणजे इम्प्रेशनिस्ट, चित्रांच्या धर्तीवर घरची बाग करायची असे कोणी म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर फिक्या गुलाबी-जांभळ्या फुलांची गर्दी, एखादी गुलाबाची कमान आणि जमल्यास छोटासा लाकडी पूल एवढेच येते. मुंबईत ही कल्पना तिथेच संपते, कारण आपल्याकडे पुलाला जागा नसते आणि गुलाब दमट हवेत काळ्या डागांनी हैराण होतो. परंतु त्या चित्रकारांकडून बागेने घेण्यासारखी गोष्ट फुलांची यादी नाही. उजेड कोणत्या वेळी, कोणत्या बाजूने आणि कसा येतो हे आधी पाहायचे आणि मग त्या उजेडात काय लावायचे ते ठरवायचे, हा क्रम त्यांच्याकडून घ्यावा असे मला वाटते. हा क्रम मुंबईत प्रामाणिकपणे पाळला तर आपल्या नेहमीच्या सवयीच्या उलट उत्तर येते. आपण बाग थंडीसाठी आखतो. दृक्‌प्रत्ययवादी धर्तीची बाग मुंबईत पावसाळ्यासाठी आखायला हवी.

याचे कारण नीट सांगायचे तर थोडे मागे जावे लागेल. १८७४ साली पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत काही चित्रकारांनी मिळून प्रदर्शन भरवले. त्यात क्लोद मोनेचे, ल आव्र बंदरातल्या सकाळचे १८७२ सालचे एक चित्र होते, आणि त्याच्या नावातल्या ‘इम्प्रेशन’ या शब्दावरून एका समीक्षकाने केलेल्या थट्टेतून या सगळ्या मंडळींना ते नाव चिकटले. धुक्यातले निळसर-करडे पाणी आणि त्यात केशरी सूर्य, एवढाच त्या चित्राचा विषय आहे. कडक उन्हात असे चित्र जन्माला येणार नाही. उत्तर फ्रान्सचा उजेड दमट आणि ढगाळ आहे. तो ढगातून गाळून येतो, सगळ्या बाजूंनी येतो आणि त्यामुळे वस्तूंच्या कडा विरघळतात. मुंबईत असा उजेड जूनपासून सप्टेंबरपर्यंत असतो. एप्रिल-मेच्या दुपारी आपले ऊन इतके प्रखर असते की पाकळीचा रंग धुऊन निघाल्यासारखा पांढुरका दिसतो आणि सावली काळी ठिक्कर पडते, तर थंडीत आकाश निरभ्र असले तरी पानांवर धूळ बसलेली असते. पहिल्या जोराच्या पावसाने ती धूळ जाते, ढग उन्हाला पसरवून देतात, आणि तेच झाड, तेच फूल अचानक भरलेल्या रंगाचे दिसू लागते. मुंबईवर दरवर्षी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांतच. बागेसाठी आपण हा काळ ‘कसाबसा काढायचा’ म्हणून सोडून देतो, हे मला फार मोठे नुकसान वाटते.

महाराष्ट्रातल्या चित्रकारांना या दमट उजेडाची ओळख होती. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले आबालाल रहिमान पुढे कोल्हापुरात कोटितीर्थ तलावाच्या परिसरात राहिले आणि त्यांनी तिथले पाणी, झाडे आणि आकाश वेगवेगळ्या प्रहरी रंगवले. त्यांच्या निसर्गचित्रांसमोर उभे राहिले की हा उजेड परका नाही, तो आपल्याच तळ्यांवर रोज पडतो, हे मनोमन पटते.

मोने १८८३ मध्ये उत्तर फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातल्या जिव्हर्नी या गावी राहायला गेला. ते घर त्याने १८९० मध्ये विकत घेतले, आणि १८९३ मध्ये रस्त्यापलीकडची जमीन घेऊन एप्त नदीच्या एका ओढ्याचे पाणी वळवून तळे केले. परक्या वनस्पतींमुळे पाणी बिघडेल अशी भीती वाटून गावकऱ्यांनी त्याला विरोध केला होता. पुढे १९०१ मध्ये त्याने ते तळे आणखी मोठे केले, आणि आयुष्याची शेवटची अनेक वर्षे, १९२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, तो प्रामुख्याने हेच पाणी रंगवत राहिला. रस्त्यावरची धूळ तळ्यातल्या कुमुदाच्या, म्हणजे वॉटर लिलीच्या, पानांवर बसू नये म्हणून त्याने समोरचा रस्ता डांबरी करून घेण्याचा खर्च उचलला आणि पाने स्वच्छ ठेवण्यासाठी एक माळी नावेतून फिरत असे. या तपशिलातून त्याचे बागेकडे पाहणे कळते. पानावर धूळ असेल तर त्यावरचा उजेड बदलतो, आणि त्याला तर तोच रंगवायचा होता.

या बागेबद्दलचा एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. ती रानटी, आपोआप उगवल्यासारखी बाग नाही. घरासमोरच्या भागात सरळ रेषेतले आयताकृती वाफे आहेत, मध्यभागी सरळ वाट आहे, आणि त्या कडक चौकटीतून नॅस्टर्शियमच्या वेली वाटेवर पसरतात. चौकट शिस्तीची आणि भरण सैल, ही त्याची रीत आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला यातून मोठा दिलासा मिळतो, कारण आपली गॅलरी आयताकृती असते, ग्रिलच्या सळ्या सरळ असतात, आणि त्या लपवण्याचा खटाटोप करण्याचे काहीच कारण नसते. मोनेने तळ्यावरच्या जपानी धर्तीच्या पुलाला, बाकांना आणि खिडक्यांच्या दारांना हिरवा रंग दिला होता. जपानी पूल परंपरेने लाल असतो, पण त्याचा हिरवा होता, म्हणून तो झाडीत मिसळून गेला. आमच्या मुलुंडच्या घराच्या गॅलरीत मी हेच केले. ग्रिल, कुंड्यांचे स्टँड आणि कपडे वाळत घालायच्या दोरीचे आकडे या सगळ्यांना एकच करडट हिरवा ऑइल पेंट दिला. निळ्या, लाल आणि पिवळ्या प्लॅस्टिकच्या कुंड्या काढून सगळ्या मातीच्या आणि करड्या ठेवल्या. बागेत एकही नवे झाड येण्याआधी, केवळ एवढ्याने, फुलांचे रंग निम्म्याने अधिक बोलके झाले.

झाडे आणण्याआधी उजेडाची नोंद करावी, ही माझी सर्वांत कळकळीची सूचना आहे. मोनेने १८९०-९१ मध्ये गवताच्या गंजींची मालिका रंगवली तेव्हा तो एकाच वेळी अनेक कॅनव्हास जवळ ठेवत असे आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलत असे. आपण तेच मोबाइलने करू शकतो. हॉलमधल्या ज्या जागी आपण रोज बसतो त्याच जागेवरून, सकाळी, दुपारी आणि सूर्यास्ताच्या सुमारास, काही आठवडे छायाचित्रे काढून ठेवावीत. मुंबई सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस, भर दुपारी थेट डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात तो दुपारीही किंचित उत्तरेकडे असतो. उत्तरेच्या ज्या गॅलरीला आपण ‘ऊनच येत नाही’ म्हणतो तिला या दिवसांत ऊन लागते, आणि दक्षिणेच्या गॅलरीतले झाड सावलीत जाते. पश्चिमेच्या गॅलरीतही सूर्यास्ताची जागा जूनमध्ये नेमक्या पश्चिमेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला आणि डिसेंबरमध्ये तितकीच दक्षिणेला सरकते. म्हणजे संध्याकाळचे तिरपे ऊन ज्या कुंडीवर जूनमध्ये पडते तिच्यावर डिसेंबरमध्ये पडेलच असे नाही. गॅलरीच्या फरशीवर खडूने उन्हाची सीमारेषा आखत गेले की हे सगळे काही महिन्यांत स्पष्ट होते.

आता रंगांकडे वळू. दृक्‌प्रत्ययवाद्यांच्या पिढीवर शेव्‌रल या रसायनशास्त्रज्ञाच्या विचारांचा मोठा प्रभाव होता. तो पॅरिसच्या गोबलँ या गालिचे आणि विणकामाच्या कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख होता, आणि काळा धागा फिका दिसतो अशा तक्रारी तपासताना त्याच्या लक्षात आले की दोष धाग्याच्या रंगाईत नसून शेजारच्या रंगात आहे. १८३९ मध्ये त्याने यावर ग्रंथ लिहिला. शेजारी ठेवलेले दोन रंग एकमेकांना बदलतात. निळ्याशेजारी केशरी, जांभळ्याशेजारी पिवळा आणि हिरव्याशेजारी लाल ठेवला की दोन्ही अधिक तीव्र होतात. बागेत हे तत्त्व वापरताना प्रमाण सांभाळावे लागते. केशरी आणि निळा निम्मा-निम्मा घेतला तर डोळा दमतो. त्या सकाळच्या चित्रात केशरी रंगाने किती थोडी जागा व्यापली आहे, आणि त्याच्याभोवती निळसर करड्याचा केवढा विस्तार आहे, हे पाहावे. माझ्या गॅलरीत निळी-जांभळी बाजू गोकर्ण, टोरेनिया आणि निळा चित्रक सांभाळतात, तर केशरी बाजू केवळ अबोली आणि थोडा केशरी कॉसमॉस एवढ्यावर ठेवली आहे. झेंडूचा मोह मी आवरते, कारण त्याचा गोळा फार घट्ट असतो आणि तो ओरडून सगळ्यांचे लक्ष स्वतःकडे घेतो.

याच चित्राने मला एक उपयोगी चाचणी दिली. त्यातल्या सूर्याचा रंग वेगळा असला तरी त्याची उजळता भोवतालच्या आकाशाइतकीच आहे, म्हणून चित्राची कृष्णधवल प्रत काढली तर सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. आपल्या डोळ्यांमागची यंत्रणा रंग आणि उजळता वेगवेगळ्या मार्गांनी वाचते; उजळतेचा फरक मिळाला नाही की वस्तूची जागा नक्की करता येत नाही आणि ती थरथरल्यासारखी दिसते. चित्रातला सूर्य म्हणूनच धडधडतो. फुलांची जुळणी करताना मी मोबाइलचा कॅमेरा कृष्णधवल करून पाहते. निळ्या चित्रकाची फिकी फुले आणि अबोलीचा फिका केशरी रंग हे दोन्ही त्यात जवळपास सारख्याच करड्या छटेचे दिसतात, आणि प्रत्यक्षात ती दोन शेजारी ठेवली की ढगाळ दुपारी त्यांच्यामध्ये एक सूक्ष्म कंप जाणवतो. गडद जांभळ्या गोकर्णाशेजारी पांढरे फूल ठेवले तर हा परिणाम होत नाही. ते सुंदर दिसते, पण स्थिर दिसते. दोन्ही हवे असते, फक्त कुठे काय हवे हे ठरवून करावे.

फुलाचा आकार लहान असावा. छोट्या गॅलरीत मोठ्या फुलाचे झाड आणण्याची आपल्याला हौस असते, पण दहा-बारा फुटांवरून पाहिले तर एक मोठी जास्वंद हा एक ठिपका असतो आणि अबोलीचे तुरे हा रंगाचा फटकारा असतो. छोटी फुले त्या अंतरावर डोळ्यात पूर्णपणे मिसळून जातात असे नव्हे, तशी ती चित्रातही मिसळत नाहीत. ती मिसळू पाहतात आणि तेवढ्यात पुन्हा सुटी होतात, आणि तीच तर या चित्रांतली हालचाल आहे. यासाठी थोड्या जाती, प्रत्येकीच्या पुष्कळ कुंड्या, आणि तोच रंग दोन-तीन ठिकाणी पुन्हा, अशी मांडणी लागते. आरे वसाहतीतल्या रोपवाटिकांत गेल्यावर प्रत्येक जातीचे एकेक रोप घेऊन येण्याची ओढ किती असते हे मला ठाऊक आहे, परंतु तशा बागेत प्रत्येक झाड एकटे पडते.

मोनेला एकेरी फुले अधिक आवडत, कारण उजेड त्यांच्या पाकळ्यांतून आरपार जातो. आमची गॅलरी पश्चिमेला असल्यामुळे संध्याकाळी सगळी फुले पाठीमागून उजळतात, आणि एकेरी गोकर्णाची पाकळी तेव्हा निळ्या काचेसारखी पेटते. दुहेरी गोकर्ण, जो रोपवाटिकांत अधिक भावाने मिळतो, त्याच वेळी केवळ एक गडद गोळा दिसतो. पश्चिमेचे किंवा पूर्वेचे तिरपे ऊन मिळणाऱ्या प्रत्येक घराने ग्रिलवर एकेरी वेल चढवावी, असे मी आग्रहाने सांगेन.

तेरडा या बागेचा खरा नायक आहे. मुंबई-कोकणातल्या पावसात त्याला कोणतीही आळवणी करावी लागत नाही; मे अखेरीस बी टाकले की श्रावण-भाद्रपदात गुलाबी, जांभळा, पांढरा आणि लाल असे सगळे रंग एकाच वाफ्यात मिसळून येतात. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हण आपण कमीपणा दाखवण्यासाठी वापरतो. त्या चित्रकारांनी मात्र क्षणभर टिकणाऱ्या रंगालाच सगळे आयुष्य वाहिले, आणि तेरडा प्रत्येक पाकळी गळताच नवी देत राहतो, म्हणून मला या बागेसाठी त्याहून योग्य झाड दिसत नाही. त्याच्या मागे, वाऱ्यापासून आडोसा असलेल्या कोपऱ्यात, सोनटक्का आहे. पुढच्या बाजूला पावसाळी लिलीच्या उथळ कुंड्या आहेत, ज्यांत एखाद्या जोरदार सरीनंतर दोन-चार दिवसांनी एकदम फुले येतात. सदाफुली आणि पेटुनिया या दोघींना मी या चार महिन्यांत आत, वळचणीला ठेवते, कारण सततच्या पाण्याने एकीची मुळे कुजतात आणि दुसरीची फुले लगदा होतात.

तेरडा गौरीसाठी लागतो आणि जास्वंद गणपतीसाठी, हा आमच्या घरातला एक वेगळा विषय आहे. सासूबाई रोज सकाळी परडी घेऊन गॅलरीत जातात आणि मी आदल्या संध्याकाळी मनात पक्की केलेली रंगसंगती दहा मिनिटांत मोडते. एकदा मी त्यांना म्हटले, “आई, तुम्ही डावीकडची फुले घ्या, उजवीकडची राहू द्या.” त्या म्हणाल्या, “अगं, देवाला डावं-उजवं कुठलं? पण तुझं तिकडे काही चाललंय ते मला कळतं. एक झाड माझ्या नावाचं कर.” मग स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या ग्रिलमध्ये त्यांच्यासाठी लाल जास्वंद, दूर्वा आणि पांढरी तगर आली. तिथे त्यांचाच शब्द चालतो. हॉलमधून ती खिडकी दिसत नसल्यामुळे लाल रंगही आपोआप मुख्य चित्राबाहेर गेला, आणि ते चित्राच्या दृष्टीनेही उत्तम झाले.

सासूबाईंच्याच निमित्ताने मला या विषयाची आणखी एक बाजू कळली. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी त्या निळ्या चित्रकाला नेहमी ‘ते पांढरं फूल’ म्हणत. शस्त्रक्रियेनंतर घरी आल्यावर त्यांनी विचारले की हे निळे झाड नवीन आणलेस का. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग पिवळट-तपकिरी होत जाते आणि ते निळा उजेड अडवते. मोनेलाही हेच झाले होते. १९१२ मध्ये त्याच्या मोतीबिंदूचे निदान झाले, आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्यावर शस्त्रक्रिया होईपर्यंत त्याने पाहिलेला जपानी पूल लाल-तपकिरी रंगांच्या भडक्यात हरवत गेला होता. शस्त्रक्रियेनंतर त्याला सगळे फार निळे दिसू लागले आणि रंगीत काचांचे चष्मे वापरावे लागले. घरात वयस्कर माणसे असतील तर बाग त्यांच्याही डोळ्यांसाठी आखावी, असे तेव्हापासून मला ठामपणे वाटते. फिक्या निळ्या-जांभळ्याची सूक्ष्म जुळणी त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यांच्या खुर्चीजवळ पिवळा, केशरी आणि स्वच्छ पांढरा हवा, आणि उजळतेचा फरक ठळक हवा.

संध्याकाळचा विचार मुंबईत स्वतंत्रपणे करावा लागतो, कारण नोकरी करणारी माणसे लोकलमधून घरी पोहोचतात तेव्हा बहुधा दिवेलागण झालेली असते. उजेड मंद झाला की डोळा लाल रंग आधी सोडून देतो आणि निळा-हिरवा अधिक काळ धरून ठेवतो. पुर्किंजे या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे नोंदवले होते. दुपारी तळपणारी लाल जास्वंद सातच्या सुमारास काळी पडते आणि सोनटक्का, कुंद, पांढरा तेरडा पुढे येतात. म्हणून गॅलरीचा जो कोपरा सोफ्यावरून समोर येतो तिथे मी पांढरा आणि फिका निळा ठेवला आहे. तिथेच गुलबक्षी आहे, जी दुपार उतरल्यावरच उमलते, आणि ग्रिलच्या एका टोकाला मधुमालती, जिचे फूल संध्याकाळी पांढरे उमलून पुढच्या दिवसांत गुलाबी आणि मग लाल होत जाते. एकाच घोसात तिन्ही रंग एकत्र दिसतात. वेळ आणि रंग यांचे नाते सांगणारी याहून चांगली वेल मला ठाऊक नाही. ती पसरते फार, तेव्हा दरवर्षी निर्दयपणे छाटावी लागते.

आणि पाणी. मोनेच्या काळात थंड हवेत टिकणारी रंगीत कुमुदे नवीनच होती. लातूर-मार्लियाक या फ्रेंच रोपवाटिकाकाराने संकरातून पिवळ्या, गुलाबी आणि लाल जाती तयार केल्या आणि १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात त्या मांडल्या. निळे कुमुद मात्र उष्ण कटिबंधातले असते आणि नॉर्मंडीच्या थंडीत ते उघड्यावर तग धरत नाही. चित्रांत दिसणारा निळा बहुतांशी पाण्यात पडलेल्या आकाशाचा आहे. आपल्याकडे निळे कुमुद हे इथलेच झाड आहे, गावोगावच्या तळ्यांत पूर्वापार फुलणारे, आणि ते एका टबमध्ये सहज वाढते. एवढ्यासाठी तरी पश्चिमेला किंवा दक्षिणेला गॅलरी असलेल्या प्रत्येकाने ते लावून पाहावे. दिवसाचे पाच-सहा तास ऊन, दीड-दोन फूट व्यासाचा आतून काळा टब, तळाशी चिकट माती, आणि वरून बारीक खडीचा थर, एवढे पुरते. कोकोपीट अजिबात घालू नये. ते तरंगते आणि पाणी गढूळ करते.

टब कुठे ठेवायचा यावर सगळा परिणाम अवलंबून असतो. पाण्याकडे वरून वाकून पाहिले तर तळ दिसतो. जितके तिरपे पाहावे तितके प्रतिबिंब स्पष्ट होते. त्यामुळे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडाच खाली असलेला पृष्ठभाग सर्वांत चांगला. आमच्या गॅलरीला खालपर्यंत सळ्यांचा कठडा आहे, म्हणून फूटभर उंचीच्या स्टँडवरच्या टबमध्येही राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवरचे ढग उतरतात. ज्यांच्या गॅलरीला भरीव भिंतीचा कठडा आहे त्यांना पाण्यात ती भिंतच दिसेल. त्यांनी टब भिंतीच्या माथ्याच्या जवळपास, भक्कम आधारावर चढवावा. पाने वाढली की काही कापून निम्मे पाणी उघडे ठेवावे, नाहीतर आकाशाला जागा राहत नाही.

वजनाचे भान ठेवावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि भिजलेली माती त्याहून जड. पन्नास लिटर पाण्याचा टब मातीसह सत्तर किलोच्या आसपास जातो. गॅलरीचा स्लॅब भिंतीतून पुढे आलेला असेल तर टब बाहेरच्या टोकाला न ठेवता भिंतीजवळ ठेवावा, आणि इमारत जुनी असेल तर आधी अभियंत्याला विचारावे. कुंडी ग्रिलच्या किंवा कठड्याच्या बाहेर कधीही ठेवू नये. पावसाळ्यातला नैऋत्येचा वारा तिला केव्हा खाली टाकील याचा नेम नाही. कुंड्या विटांवर उचलून ठेवल्या की पाण्याचा निचरा होतो आणि खालच्या घरात ओल उतरण्याचा प्रश्न येत नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठलेल्या पाण्यातच वाढतो, म्हणून टबमध्ये गप्पी मासे हवेतच, आणि कुंड्यांखालच्या बशा पावसाळ्यात काढून टाकाव्यात. महापालिकेचे कर्मचारी तपासणीला आले तर त्यांना मासे दाखवावेत. त्यांचा आग्रह रास्त आहे.

उघडी काळी माती मला या बागेत नको वाटते. दृक्‌प्रत्ययवाद्यांनी सावलीतून काळा रंग बहुतांशी हद्दपार केला, कारण त्यांना सावलीतही निळा आणि जांभळा दिसत होता. मोने ट्युलिपच्या खाली फर्गेट-मी-नॉटचा निळा थर लावत असे. आपल्याकडे तेरड्याच्या आणि सोनटक्क्याच्या पायाशी टोरेनिया लावला तर तोच परिणाम मिळतो. त्याला थोडी सावली चालते आणि पाऊसही मानवतो. एक सावधगिरी मात्र हवी, कारण अशा दाट लागवडीत गोगलगायी लपतात. त्या रात्री टॉर्च घेऊन हाताने वेचाव्यात. औषध टाकू नये, कारण मासे शेजारीच असतात.

ऑक्टोबरच्या उन्हात हे सगळे विस्कटते. तेव्हा तेरडा वाळू द्यावा. त्याच्या पक्व शेंगा हात लागताच फुटून बी दूर उडते, म्हणून त्यांच्यावर आधी कागदी पाकीट धरावे आणि मगच देठ कापावा. रंगानुसार वेगळी पाकिटे ठेवली तर पुढच्या वर्षी मिश्रण आपल्या हातात राहते. मी गुलाबी आणि पांढरे बी जास्त आणि लाल अगदी थोडे ठेवते. सोनटक्क्याचे कंद तसेच राहू द्यावेत, मधुमालती छाटावी, गोकर्णाच्या वाळलेल्या शेंगा उतरवाव्यात. मे संपता संपता ट्रेमध्ये लाल माती आणि गांडूळखत भरून पेरणी करावी, म्हणजे पहिली मोठी सर येईपर्यंत रोपे चार पानांची होतात आणि कुंडीत हलवता येतात. ज्यांना बी हवे असेल त्यांच्यासाठी या वर्षी थोडे अधिक राखून ठेवणार आहे.